पाच मिनिटांचं जेवण

कामावरून आल्या आल्या तिनं पोर्कच्या पातळ पट्ट्या कापून सोया सॉसमध्ये मुरत ठेवल्या. गाजर, कोबी, सिमला मिरची चिरली, लसूण सोलला. मग नवरा आला आणि मोठ्या आचेवर सगळं कढईत परतून मोकळा झाला.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाचा स्वयंपाक पाच मिनिटांत होतो. नशीब काढलंस हो."

"हिलाच उगाच तासभर लागतो," नवरा हसत म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं मांसाचा अख्खा तुकडा आणि न धुतलेल्या भाज्या तशाच ओट्यावर ठेवल्या. "आजही तूच कर," नवऱ्याला म्हणाली, आणि टीव्हीसमोर सासूबाईंशेजारी जाऊन बसली. आता त्यांनी एक शब्द काढला असता तरी ती भांडली असती.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली, "आई, हिला जरा पाठव ना. नुसतं चिरण्यातच जीव गेला माझा."

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"उठू नकोस," त्या सुनेला म्हणाल्या. "मी जन्मभर उठत आले."