पाळीची माणसं

दवाखान्याच्या हॉलमध्ये दोन स्क्रीन होते. त्यांवर गावातल्या दोन चित्रकारांची डिजिटल चित्रं महिनाभरासाठी भाड्याने लावली होती. वशिला नको म्हणून खाली नावं नव्हती. ज्याच्या चित्रासमोर माणसं जास्त वेळ थांबतील, त्याला वर्षभराचा करार. आणि थांबणं मोजायला वर कॅमेरा.

त्यातला एक चित्रकार म्हणजे माझा मेहुणा. बावीस वर्षं जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसून चित्रं काढतोय. या खेपेला त्याने जाहीर करून टाकलं, "हे जमलं नाही, तर कॉम्प्युटर विकतो आणि गोदामात नोकरीला लागतो."

सासूबाईंनी कंबर कसली. "कॅमेऱ्याला माणसंच हवीत ना? आपल्याकडे काय कमी आहेत!" त्यांनी पाळ्या लावल्या. काका, माम्या, चुलत, मावस, सगळे रोज अर्धा अर्धा तास उभे राहून आले. धडधाकट माणसं दवाखान्यात एवढी कधी गेली नसतील. मीही ऑफिस सुटल्यावर दुखरा गुडघा घेऊन जात होतो. नात्यात एवढं करावंच लागतं.

काल निकाल लागला. मेहुण्याचा छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा हरला आणि दुसऱ्याचा निळा समुद्र भरघोस फरकाने जिंकला. मेहुणा घरी येऊन बूट न काढताच बसून राहिला.

 

सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "असं कसं झालं रे? एकूणएक माणसाला मी स्वतः नेऊन त्या समुद्रासमोर उभं केलं होतं!"