कोमट नळी

उमाबाईंनी शालीखाली कमरेला बांधलेल्या फडक्याची गाठ सोडली आणि रक्ताची नळी देवासच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवली. इरावतीनं ती उचलली. नळी कोमट होती.

"काकू, डब्यातून नाही आणली?"

"डबा गार पडतो गं बसमध्ये."

धारहून आलेला हा तिसरा आणि शेवटचा नमुना. उमाबाईंच्या यजमानांना, गोपाळरावांना, रक्ताचा कर्करोग. त्यांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी जिवंत मिळाल्या तरच नव्या उपचारांच्या यादीत त्यांचं नाव राहणार होतं. आधीच्या दोन्ही नमुन्यांतल्या पेशी मेलेल्या निघाल्या. औषधांनीच मेल्या असतील, असं इरावतीनं लिहूनही टाकलं होतं. ते ऐकल्यापासून गोपाळराव भिंतीकडे तोंड करून पडून होते. पंधरा दिवस त्यांनी दाढीसुद्धा केली नव्हती.

"चूक माझी आहे," उमाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी नर्स रक्त काढून जाई. थंड करू नका, असं तिनं बजावलं होतं. पण मला वाटलं, दूध नासतं तसं हेही नासेल. दोन्ही वेळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं."

"काकू!"

"परवा विरजण उघड्यावर राहिलं. थंडीनं दही लागलंच नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जिवंत वस्तूला ऊब नको का? काल रात्री नळी फडक्यात गुंडाळून उशाशी घेऊन बसले."

ओरडावं की मिठी मारावी, इरावतीला कळेना. ती नळी घेऊन आत पळाली.

पेशी वेगळ्या करायला तासभर लागला. मग तिनं निळ्या रंगाचा थेंब टाकला. मेलेली पेशी हा रंग पिते आणि निळी होते, जिवंत पेशी त्याला आत शिरू देत नाही. मागच्या दोन्ही वेळी जवळजवळ सगळं निळं दिसलं होतं. आज तिनं सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली, पुन्हा सरकवली, तिसऱ्यांदा सरकवली.

"काकू, इकडे या. जल्दी. हात नका लावू, नुसतं बघा."

उमाबाईंनी चष्मा काढून एक डोळा लावला.

"हे चमचमतंय ते काय गं?"

"काकांच्या पेशी. सब जिंदा हैं, काकू." इरावतीचा आवाज आनंदानं चिरकला. "मी चुकीचं लिहिलं होतं. आजच बदलते. काकांचं नाव राहणार."

उमाबाई बराच वेळ डोळा काढेनात. मग त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला.

"अहो, उठा," त्या म्हणाल्या. "दाढीला पाणी तापत ठेवा. मी दुपारच्या बसनं येतेय."

फोनमध्ये पलीकडची खाट करकरली. मग भांड्यात नळाचं पाणी पडायला लागलं.