शेक

"कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा बल्ब लाव की आत," आप्पा म्हणाले. नातीने बॉल पायथन जातीचा अजगर पाळल्यापासून ते त्याच्या काचपेटीकडे फिरकले नव्हते. थंडी वाढली म्हणून लांबूनच सल्ला दिला.

"नको आप्पा. सापाला चटका पटकन कळत नाही. भाजलं तरी तिथेच पडून राहतो. ठरावीक उष्णतेला आपोआप बंद होणारी हीट मॅटच हवी."

आप्पांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मधुमेहाने बधिर झालेल्या त्यांच्या पायावर अजून पट्टी होती. शेकायच्या पिशवीने भाजलं, तेव्हा फोड दिसेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता.

मॅट आली. नातीने ती पेटीखाली बसवली, तसे आप्पा पहिल्यांदाच खुर्ची ओढून जवळ बसले.

"रोज तूच हात लावून बघत जा," ते म्हणाले. "आम्हा दोघांच्या भरवशावर राहू नकोस."