परका कोपरा

"कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावा, सरळ रेष होणारच," बाईंनी सातवीच्या वर्गाला सांगितलं.

बहुतेकांची झाली, केतकीची होईना. तिसरा कोपरा लावला की रेष खाली वाकायची. शेजारच्या निलोफरला विचारणार कसं? आठ दिवस दोघींची कट्टी होती.

बाईंनी दोघींच्या वह्यांत डोकावून पाहिलं. "अगं केतकी, तुझ्या कोनांची बेरीज जितकी जास्त, तितकीच हिची कमी. हा कोपरा हिचा दिसतोय. घ्या बदलून."

निलोफर मान वर करेना. केतकीने तणतणत तो कोपरा उचलला. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'डबा एकत्र खाऊ या ना.'

केतकीने कोपरा हळूच कंपासपेटीत ठेवून दिला.

"राहू द्या, बाई, माझी रेष वाकडीच बरी आहे."