फ्रीजबाहेर

विस्मरणाच्या आजारात चंद्रावती नवऱ्यालाच विसरली. जन्मात ज्याचं नाव घेतलं नव्हतं, त्याला ती आता धाकटा भाऊ समजून नावानंच हाक मारायची, “बाबली, ये रे, पेज घे!” बाबलीला ते आवडू लागलं होतं. मग लेक विनितानं आठवण परत यावी म्हणून अजून चाचणीत असलेलं इन्सुलिन आणलं, आईच्या नाकात फवारायचं. “बाबा, बाटली फ्रीजबाहेर ठेवू नकात. गरम झालं तर औषध कामातून जाता.” महिन्याभरानं एका सकाळी बाबली बाटली घेऊन जवळ गेला आणि चंद्रावतीनं त्याला ओळखलं. हात डोक्यावर धरून ती भिंतीशी सरकली. “मारू नकात! आत्ता वाढतंय पेज!” त्या दिवसापासून बाटली चुलीजवळ राहिली. रविवारी विनिता पणजीहून यायच्या आधी तेवढ्यापुरती फ्रीजमध्ये जायची. “आईक गुणच येना,” विनिता रडली. “बाबली, आणखी वाढू रे?” चंद्रावतीनं मायेनं विचारलं. “वाढ गो बाय,” तो म्हणाला.