बीप वाजणारी लेन्स

"दुसऱ्या कंपनीची चालेल, पण फोकस हातानेच करायची हवी," फोटोग्राफर दुकानदाराला म्हणाला. पहिली लेन्स धूसर वाटली. दुसरीही. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांपुढे हात टेकले होते, हे त्याने सोबत आलेल्या बायकोलाही अजून सांगितलं नव्हतं. शेवटी घसा खाकरून तो म्हणाला, "ती चिपवाली दाखव. फोकस जुळला की बीप वाजते ती."

"काका, तुम्ही? बीपवर फोटो काढणं म्हणजे आंधळी कोशिंबीर, असं तुम्हीच म्हणायचात की."

त्याने समोर उभ्या असलेल्या बायकोवर कॅमेरा रोखला, रिंग फिरवली आणि बीप वाजताच बटण दाबलं. दुकानदार स्क्रीनमध्ये डोकावला. मागचं कपाट स्पष्ट, तिचा चेहरा धूसर. तो उगाच काउंटर पुसायला लागला.

"कसा आलाय गं?"

ती बराच वेळ बघत राहिली. "छान आलाय. हीच घ्या."

तीस वर्षं स्वतःच्या प्रत्येक फोटोत तिला नाक मोठं दिसत आलं होतं. आज तिने नाकाचं नावही काढलं नाही.

त्याने लेन्सला टोपण लावलं आणि कॅमेऱ्याचा पट्टा हळूच तिच्या गळ्यात घातला.