कोनफळाला कान असतात

‘आज किसी से झगड़ा किया?’ एलियासने विचारलं.

‘नाही रे बाबा,’ ओमप्रकाश धडधडीत खोटं बोलला. तासाभरापूर्वीच त्याने बायकोला, मैनाला, फोनवर झापलं होतं. पण फोनवरचं भांडण ते काय भांडण! मध्ये अख्खा समुद्र.

सलालाहच्या त्या नारळाच्या बागेत संगमेश्वराकडचा ओमप्रकाश पंप सांभाळायचा आणि एलियास झाडं. राहायला दोघांत एक खोली. एलियास पापुआ न्यू गिनीचा, आंबुलास जमातीतला. त्याची भाषा बोलणारं दुसरं माणूस त्याला अख्ख्या ओमानात भेटलं नव्हतं. त्या भाषेत तो देवाशी बोलायचा, नाहीतर कोनफळाशी. केरळ्याच्या दुकानातून आणलेला तुकडा त्याने खोलीच्या मागे लावला होता आणि त्याला वारलेल्या बापाचं नाव दिलं होतं. बापाच्या मातीला तो पोचू शकला नव्हता.

‘तू ख्रिस्ती ना? मग कोनफळाचं कसलं एवढं सोवळं? आमच्याकडे कापा करून तव्यावर परततात,’ असं ओमप्रकाशने एकदा चिडवलं होतं. एलियास हसला नव्हता. देव एकच, येशू, म्हणाला. पण कंदाला कान त्यानेच दिलेत. गावाकडे कंद मातीत असेपर्यंत कुणी भांडत नाही, बायकोजवळसुद्धा जात नाही. भांडण ऐकलं की कंद बिथरतो. आणि पिकवणाऱ्याने आपला कंद आपण खायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. हा कंद तो आज उकरून, शुक्रवारी इथे सुट्टी म्हणून चर्चची प्रार्थना असते, तिथे नेऊन वेदीपुढे ठेवणार होता. बापासाठी तेवढंच करायचं राहिलं होतं.

ओमप्रकाशने त्याचा मान राखला होता, खोटं कशाला बोला. सात महिने वेलाजवळ आवाज चढवला नाही. फोन आला की खोलीत जायचं, दार लावायचं, आपल्या खाटेवर बसायचं आणि मग हवं तेवढं भांडायचं. विषय एकच. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा बाबांनी त्याची वाट न बघता तिला अग्नी दिला होता. तो घरी पोचला तेव्हा राखसुद्धा निवली होती. आता बाबा अंथरुणाला खिळले होते आणि मैना रोज म्हणायची, या. आज म्हणाली, ‘दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही हो त्यांच्या.’ त्यावर हा म्हणाला होता, ‘सांग त्यांना, माझी वाट बघू नका. तेव्हा कुठे बघितली होती?’

एलियासने गळ्यातला क्रूस मुठीत धरून प्रार्थना केली. कंदाला लोखंड लावायचं नव्हतं, म्हणून दोघं टोकदार काठ्यांनी आणि हातांनी उकरू लागले. कोनफळ मांडीएवढं जाड निघालं. गुडघाभर गेलं, कंबरभर गेलं. मग एलियासचा हात थांबला.

कोनफळ वळलं होतं. वाटेत दगड नाही, मूळ नाही, नुसती भुसभुशीत वाळू. आणि हे तिथून आडवं होऊन सरळ खोलीच्या भिंतीखाली शिरलं होतं. ओमप्रकाशने खड्ड्यात पालथं पडून खांद्यापर्यंत हात घातला. कोनफळ संपेचना. हाताला केसाळ लागत होतं, आणि कोमट. आईशप्पथ, आपण कुणाची तरी पोटरी धरलीय, असं त्याला वाटलं.

एलियास उठून खोलीत गेला. ओमप्रकाशने खिडकीतून पाहिलं. एलियास भिंतीपासून सरळ रेषेत पावलं टाकत ओमप्रकाशच्या खाटेपाशी येऊन थांबला होता. वाकून त्याने लादीला कान लावला.

‘इधर,’ तो म्हणाला.

ओमप्रकाशला आता आठवलं. महिनाभर त्या खाटेखाली खरखर ऐकू येत होती. उंदीर असेल म्हणून त्याने सापळा लावला होता. सापळ्यात काही सापडलं नव्हतं.

एलियास परत आला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज चढला नाही. कंद अजून मातीतच होता ना. ‘झूठ बोला तू. ये तेरे को सुनने गया,’ तो म्हणाला, आणि हातातली काठी त्याने ओमप्रकाशपुढे धरली. ‘अब ये मेरा बाप नहीं. तेरा है. तू निकाल.’

ओमप्रकाशने काठी घेतली नाही. त्याने मैनाला फोन लावला.

‘अहो, हळू बोला,’ ती कुजबुजली. ‘बाबांचं काहीतरी भलतंच चाललंय. मघापासून एकच धोशा लावलाय, माझ्या खाटेखाली कुणीतरी खणतंय म्हणून. मी दोनदा वाकून बघितलं. परवाचं सारवण जसंच्या तसं आहे. पण ऐकतच नाहीत. ओम आलाय म्हणतात.’

काठी एलियासच्या हातात तशीच होती. फोनमध्ये लांबून बाबांचं पुटपुटणं ऐकू आलं.

‘आता म्हणतायत, थांबला का?’ मैना म्हणाली. ‘थांबू नको म्हणावं त्याला. थोडंच राहिलंय.’